फुंकायचे दात

मनामाच्या बाजारात, मासळीवाल्यांच्या मागच्या गल्लीत
माझं दुकान. डॉक्टर नव्हे मी,
कवळ्या बनवणारा कारागीर.
कुडाळहून निघताना आई म्हणाली होती,
दात कोरून पोट भरत नाही.
भरतं गं. चौपन्न सालापासून भरतंय.

बोस्त्यांव कार्दोझ आला तो तोंडाशी रुमाल धरून,
बगलेत काळी पेटी.
वरचे पुढले दोन गेलेले, शेजारचे दोन डुगडुगणारे.
विचारलं, काय खाता येत नाही?
म्हणाला, खाण्याचं मरो.
वरचा दो लागत नाही.

तोंडात मेण असताना माणसं गप्प असतात.
हा बोलायचा.
कुडतरीच्या पाद्रीची छडी, बोटांवर उठलेलं दो रे मी,
मुंबईत गावच्या कुडात लोखंडी ट्रंकेवरची झोप,
अडतीस साली बंदरासमोरच्या हॉटेलात तिसरी खुर्ची,
एक्केचाळीसला पहिली.
चौदा जण पांढऱ्या कोटात एकदम उठायचे,
कर्ण्यांपुढे टोप्या हलवायचे,
आणि लढाईवर निघालेल्या पोरांचे बूट
पहाटेपर्यंत फरशी घासायचे.

स्विंग म्हणजे नेमकं काय, मी विचारलं.
त्यानं माझ्या प्लास्टरच्या वाटीवर चमचा वाजवला:
सरळ चार.
मग पुन्हा चार, पण दुसरा आणि चौथा जरा रेलून,
घरी जायची घाई नसलेला माणूस
दाराच्या चौकटीला टेकतो तसा.

मुंबईत दारू बंद झाली, नाच कोरडे पडले.
बोटीनं तो इकडे आला,
अवालीला, तेल कंपनीच्या क्लबात.
पोस्टरवर त्याचं नाव बस्टर कार्ल.
मागे रिफायनरीची ज्वाळा, पुढे गोऱ्या मडमा,
खाऱ्या हवेनं कळा अडकायच्या
त्यांना शिवणयंत्राचं तेल.
आधी चौदा, इथे सात, मग तिघे.
एकसष्टला गिटारवाली पोरं आली
आणि बस्टर कार्ल
पोलीस लाइनीत बिगुल शिकवू लागला,
रोज सूर्यास्ताला तेच चार स्वर.
दातांनी तेवढी वाट पाहिली, म्हणायचा.

पहिली कवळी नुसता वारा सोडायची.
दुसरीनं ओठ कापला.
तिसरी ऐन चढावर सुटली, कर्ण्यावर आपटली,
आम्ही दोघं हसून हसून खाली बसलो,
तो जरा जास्तच वेळ.
हत्तीचे खायचे वेगळे, दाखवायचे वेगळे.
सहाव्या खेपेला मी त्याला
निव्वळ फुंकायचे करून दिले:
मागून जाड, पुढून त्याच्या पितळी कडीच्या मापानं घासलेले.
भाकरीचा तुकडाही तुटला नसता त्यांनी.

शुक्रवारची दुपार, गल्ली बंद.
भिंतीकडे तोंड करून तो उभा राहिला.
आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणतात ना;
ओठ त्याचे होते, दात माझे,
घाम मला फुटला.

शेजारच्या ओट्यावर मुबारक बसलेला,
एके काळचा मोत्यांचा पाणबुड्या,
खोल पाण्यानं कान घालवलेले.
स्वर त्याला ऐकू गेलाच नाही.
स्वराआधीचा श्वास त्यानं पाहिला,
बरगड्यांपर्यंत गेलेला,
आणि आपोआप त्याचा हात वर गेला,
दोर ओढा म्हणून.

वरच्या दोच्या अर्धं पाऊल अलीकडे
बोस्त्यांव थांबला.
थांबला, आणि तिथेच रेलला,
घाई नसलेल्या माणसासारखा,
किती वेळ, मी मोजलं नाही.
मग पेटीत फडकं घातलं, झाकण लावलं.
म्हणाला, पुरे, मास्तर.

गोव्याच्या बोटीत चढला तो खायचे दात घालून.
फुंकायचे वर्तमानपत्रात गुंडाळून मला परत:
दुसऱ्या कोणाला बसले तर बघ.
एकाचे दात दुसऱ्याला बसत नाहीत
हे त्याला सहा खेपांत मीच शिकवलं होतं.

खणात आहेत. वहीतही आहे तो,
कार्दोझ बी., बाकी रुपये अकरा.
रुपया इथला केव्हाच गेला, दिनार आला.
मी खातं तसंच ठेवलंय.